ओलं लाकूड वाहून नेण्याची सक्ती थांबवा: वन आणि परिवहन खात्याला जळाऊ लाकूड वाहतूकदारांचं खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय: जळाऊ लाकूड वाळवून नेण्यासाठी कायदेशीर जागा, मुदत आणि परवाना मिळण्याबाबत

महोदय,

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एका गाडीवर जळणाचा धंदा करणाऱ्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. गाडी म्हणजे पिकअप किंवा छोटा टेंपो. चालवणारा बहुधा मालकच, सोबत दोन-तीन भरणीवाले. खाजगी जमिनीतलं झाड शेतकऱ्याकडून घ्यायचं, तोडून तुकडे करायचे आणि आंबा घाट, करूळ घाट किंवा फोंडा घाट चढून वर न्यायचं. इचलकरंजीच्या सायझिंगचे (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांचे) बॉयलर, कोल्हापूरकडची हॉटेलं आणि बेकऱ्या, गावोगावच्या स्मशानभूमी, वीटभट्ट्या, लग्नसराईतले आचारी, आणि बांद्यापलीकडे गोव्यातले पोदेर (पाव भाजणारे) ही आमची गिऱ्हाइकं. गुऱ्हाळाला मुख्य जळण चिपाडाचं असतं, पण अवकाळी पावसात चिपाड भिजलं की तिथूनही मागणी येते.

या धंद्याबद्दल आपल्याकडे दोन तक्रारी पोहोचतात: गाड्या प्रमाणाबाहेर भरलेल्या असतात, आणि कागद पुरे नसतात. दोन्ही बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. या दोन्हींचं मूळ एकच आहे आणि ते आपल्या हातात आहे, हे दाखवण्यासाठी हे पत्र. लाकूड वाळण्याआधीच हलवावं लागतं, हे ते मूळ.

आधी खरेदी कशी होते ते सांगतो. उभं झाड बहुधा उक्तं, म्हणजे वजन न करता एकगठ्ठा किमतीला, घेतलं जातं. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, फांद्यांचा अंदाज घ्यायचा आणि एकूण किती टन निघेल ते ठरवायचं. जुन्या आंब्याचा बुंधा आतून पोकळ असू शकतो, म्हणून कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून बघतात. पोकळ निघाला तर बुंध्याचा अंदाज निम्म्यावर येतो. बांधावरच्या झाडात कुंपणाची जुनी तार आणि खिळे सालीखाली गेलेले असतात. त्यावर वूडकटरची चेन लागली की दात जातात आणि कामाचा अर्धा दिवस जातो. बिब्ब्याच्या झाडाला भरणीवाले हात लावत नाहीत, कारण त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. पांगारा आणि सावर हलकी लाकडं, भसकन जळून जातात, त्यांना जळण म्हणून भाव नाही. आकेशिया, सुरू, बाभूळ, सुबाभूळ, वठलेला काजू आणि वादळात पडलेला आंबा, फणस हा मुख्य माल.

तोडलेल्या मालाचे तुकडे गिऱ्हाइकाप्रमाणे होतात. बेकरीला दीड फुटाचे, मनगटाएवढे ते दंडाएवढे जाड. बॉयलरला तीन फुटांपर्यंतचे ओंडके चालतात. स्मशानभूमीला चार-पाच फुटी, जाड आणि सरळ लाकूड लागतं, एका चितेला साधारण ३०० किलो. तुकडा छोटा तितकी मजुरी जास्त, पण तितकं वाळणंही लवकर.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के पाणी असतं. उन्हाळ्यात नीट रचून वाळवलं की ते २० टक्क्यांवर येतं. ४५ टक्के पाण्याचं एक टन लाकूड घेतलं तर त्यात खरं लाकूड ५५० किलो. तेच २० टक्क्यांपर्यंत वाळलं की वजन ६८७ किलो भरतं. म्हणजे टनामागे तीनशे किलोंहून जास्त पाणी गाडीत भरून, डिझेल जाळून घाट चढवलं जातं, आणि वर पोहोचल्यावर ते भट्टीत पुन्हा जळण खर्चून वाफ करून घालवलं जातं. उष्णतेत मोजलं तर ४५ टक्के पाण्याच्या लाकडातून किलोला साधारण २,१५० किलोकॅलरी हाती लागतात, २० टक्क्यांच्या लाकडातून ३,४०० च्या आसपास. ओल्या लाकडाचा धूर दाट असतो, धुराड्यात काळं चिकट डांबर साठतं, आणि बॉयलरचा दाब टिकत नाही म्हणून आग सांभाळणारा सारखा जळण टाकत राहतो. चितेवर ओलं लाकूड आलं तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

इतकं तोट्याचं असूनही ओला माल का हलतो? पहिलं कारण काट्याचं. जिथे माल उक्ता न घेता वजनावर घेतला जातो तिथे शेतकऱ्याला ओलं वजन हवं असतं. पुढे गिऱ्हाइकही वजनावरच घेतं. मधल्या काळात उडालेलं पाणी म्हणजे वाहतूकदाराची तूट. म्हणून सकाळी तोडलेलं संध्याकाळी काट्यावर गेलं पाहिजे, अशी घाई असते. काही गिऱ्हाइकं ओलेपणाबद्दल टनामागे कडता कापतात, पण तो अंदाजाने, लाकूड दोन हातांत घेऊन ठरवलेला. दुसरं कारण आपल्या नियमांचं. वाहतूक परवाना ठरावीक गाडीसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी मिळतो. परवाना हातात आल्यावर लाकूड महिना-दीड महिना रचून ठेवणं शक्य नसतं. परवाना न काढता रचून ठेवलं तर कुठल्या तरी कोपऱ्यात साठवलेला बेकायदा माल म्हणून त्याच्याकडे बघितलं जातं. दोन्ही बाजूंनी संदेश एकच: तोडलंत ना, मग लगेच हलवा.

ओला माल हलवला की गाडीत काय होतं, ते परिवहन खात्याने नीट बघावं अशी विनंती आहे. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद धरा. एक फूट उंचीचा थर म्हणजे जवळपास ५० घनफूट, १.४ घनमीटर. रचलेल्या लाकडात एक तृतीयांशाहून जास्त पोकळी असते, तेव्हा भरीव लाकूड ०.९ घनमीटर. ओल्या टणक लाकडाचं वजन भरीव घनमीटरला एक टनाच्या आसपास. म्हणजे एका फुटाच्या थरात ९०० किलो. दीड टन क्षमतेची गाडी वीस इंचांतच भरली. फाळक्याच्या (हौद्याच्या पाडता येणाऱ्या बाजूच्या) वरच्या कडेपर्यंतही माल पोहोचत नाही आणि कायद्याने गाडी पूर्ण. बघणाऱ्याला अर्धी रिकामी दिसणारी गाडी वजनकाट्यावर मर्यादा ओलांडते ती अशी. त्याच हौद्यात वाळलेलं लाकूड भरलं तर दीड टनाला सव्वादोन फुटांच्या वर थर लागतो. हौदा भरलेला दिसतो आणि वजनही मर्यादेत राहतं.

पैशाचं गणितही मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तालुक्याप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच राहतं. ओलं लाकूड शेतावर १,२०० रुपये टन, तोडणी ७०० रुपये टन, भरणी-उतरणी मिळून ४०० रुपये टन. जाऊन-येऊन १८० किलोमीटर, भरल्या गाडीने घाट धरून लिटरला दहा किलोमीटरची सरासरी, म्हणजे १८ लिटर, ९० रुपयांनी १,६२० रुपये. चालकाचे ८०० रुपये. विक्री ४,००० रुपये टन. कायद्याने चालणारी दीड टनाची ओली खेप: विक्री ६,००० रुपये, खर्च ५,८७०. उरले १३० रुपये. यातून हप्ता, विमा, टायर, पासिंग काहीच सुटत नाही. अडीच टन भरले तर विक्री १०,००० रुपये. डिझेल २० लिटर धरलं तरी खर्च ८,३५० आणि हातात १,६५०. जादा भरण्याचा मोह कुठून येतो ते इथे दिसतं. आणि पकडलं गेलं तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये, वर जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. एक टन जादा सापडला तर तेरा खेपांची कमाई गेली. हौद्याबाहेर किंवा उंचीच्या मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला त्याच कलमात वेगळे २०,००० रुपये आहेत, आणि लांब फाट्या (जळणाच्या फांद्या) भरताना ही चूक फार सहज होते.

आता तीच गाडी, तेच अंतर, वाळलेलं लाकूड. दीड टन वाळलेला माल मिळवायला २.२ टन ओलं लाकूड घ्यावं लागतं: लाकडाचे २,६४० रुपये, तोडणीचे १,५४०, भरणी-उतरणीचे ६००, रचण्याचे जादा ३००, डिझेल आणि चालक पूर्वीइतकेच. एकूण ७,५०० रुपये. उष्णतेच्या हिशेबाने ओल्या लाकडाचे ४,००० रुपये ही किंमत वाळलेल्याला ६,३०० रुपये टन होते. एवढे देऊनही गिऱ्हाइकाचा तोटा नाही, कारण त्याला तेवढीच उष्णता कमी धुरात मिळते. विक्री ९,४५० रुपये. उरले १,९५०. मर्यादेत भरलेली वाळलेल्या लाकडाची खेप जादा भरलेल्या ओल्या खेपेपेक्षा जास्त देते. टायर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेक आणि दंडाची भीती यांचा हिशेब अजून यात धरलेलाच नाही.

म्हणून वाळवण हा या सगळ्याचा कणा आहे. ते कसं होतं आणि कुठे बिघडतं, हे खात्यांना माहीत असेल तर नियम त्याभोवती बांधता येतील.

तुकडे तीन फुटांच्या आत हवेत. चार इंचांहून जाड असेल तर कुऱ्हाडीने किंवा पाचर मारून चिरलेलंच बरं, कारण साल शाबूत असलेला गोल ओंडका पाणी धरून ठेवतो. पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि चिरलेल्या बाजूंतून जातं. जमिनीवर दोन आडव्या बल्ल्या किंवा जांभ्या चिऱ्यांच्या दोन ओळी ठेवून त्यावर थप्पी रचायची, म्हणजे खालून हवा खेळते आणि वाळवी चढत नाही. थप्पी रुंदीला एकच तुकडा, उंचीला चार-पाच फूट. टोकं वाऱ्याकडे. दोन थप्प्यांमध्ये दोन हात अंतर. वरच्या थराची साल आभाळाकडे. ताडपत्री फक्त माथ्यावर. चारी बाजूंनी गुंडाळली की आत घाम सुटतो आणि बुरशी येते. मार्च ते मेच्या उन्हात चिरलेलं लाकूड सहा ते आठ आठवड्यांत तयार होतं. जूनपासून पावसाळाभर कोकणात उघड्यावर काही वाळत नाही, उलट वाळलेलंही पाणी पितं. सुबाभूळ आणि आंबा जास्त दिवस पडून राहिले की भुंगा लागतो, थप्पीखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. असा माल लगेच काढावा. वाळलं की नाही ते टोकांवरच्या चिरांवरून आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर येणाऱ्या आवाजावरून कळतं: ओलं बद्द वाजतं, वाळलेलं खणखणीत. शंका असेल तर ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. तुकडा मधून चिरून आतल्या बाजूला त्याच्या सुया टोचायच्या, बाहेरून टोचल्या तर आकडा फसवा येतो. थप्पीभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवावा लागतो, कारण हाच हंगाम वणव्यांचा असतो.

या सगळ्याला जागा लागते आणि दोन महिने लागतात. सध्याच्या व्यवस्थेत दोन्ही मिळत नाहीत.

कायद्याची बाजू आम्हाला ठाऊक आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधली लाकडाची व्याख्या कोणत्याही कामासाठी कापलेल्या लाकडाला लागू होते. बांधावरच्या सुबाभळीचा तुकडाही तिच्यात बसतो. कलम ४१ ने वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. कलम ५२ खाली माल गाडीसह जप्त होऊ शकतो, आणि माल सरकारी मालकीचा ठरला तर महाराष्ट्राच्या दुरुस्तीतल्या कलम ६१-अ खाली गाडीच सरकारजमा होऊ शकते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडबंदी आहे. यातलं काहीही सैल करा असं आम्ही म्हणत नाही. कोकणातला खैर चोरून जातो, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो जळणाच्या थराखाली लपवूनही जातो. अशा एका गाडीमुळे पुढचे कित्येक आठवडे प्रत्येक जळणाच्या गाडीकडे संशयाने पाहिलं जातं. चोरी थांबावी, यात आमचाही स्वार्थ आहे.

अडचण येते ती परवान्याच्या घडणीत. तो ओंडक्यांसाठी घडवला आहे. सातबारा, तोडीची परवानगी, पंचनामा, मोजणी, मग वाहतुकीचा परवाना, हा क्रम दहा टन साग नेणाऱ्याला परवडतो. जळणात एका शेतावर पडलेल्या फणसाच्या फांद्या आठशे किलो निघतात, शेजारच्या गटात चारशे किलो आकेशिया, पलीकडे वठलेल्या काजूचं तीनशे. तीन शेतकरी, तीन गट नंबर, गाडी एक. तीन वेगळ्या परवान्यांसाठी मारलेल्या फेऱ्यांचा खर्च त्या मालाच्या किमतीत बसत नाही. मग होतं असं की एका गटाचा कागद असतो आणि माल तिन्ही गटांचा. माल प्रामाणिक आणि कागद खोटा, अशी ही विचित्र अवस्था. इमारती ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का बसतो. मनगटाएवढ्या फाटीवर कुठे बसवणार? परवान्यावर माप घनमीटरमध्ये आणि वजनकाट्याची पावती किलोमध्ये. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना ओलं की वाळलेलं, भरीव की रचलेलं हे कोणी विचारत नाही, आणि तपासणाऱ्यागणिक उत्तर बदलतं. गाडी घाटात बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला, तर परवान्यावर नंबर पहिल्या गाडीचा.

आमचं पहिलं मागणं वाळवणीच्या वखारींचं. प्रत्येक तालुक्यात, वनक्षेत्रपालांच्या नोंदीत, खाजगी किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर अशी वखार चालवू द्या. शेतापासून वखारीपर्यंतच्या तालुक्यातल्या वाहतुकीला साधा एकपानी दाखला पुरावा, ज्यावर अनेक गट नंबर लिहिता येतील. वखारीत आलेल्या प्रत्येक खेपेची नोंद: तारीख, गट नंबर, झाडाचा प्रकार, ओलं वजन, थप्पीचा क्रमांक. आंतरजिल्हा किंवा आंतरराज्य परवाना वखारीतून बाहेर पडताना, वाळलेल्या वजनावर.

यात खात्याला एक मोठा फायदा आहे आणि तो आवर्जून सांगायचा आहे. वाळवणीचं गणित चोरी उघडी पाडतं. मार्चमध्ये १०० टन ओलं आत आलं तर मे अखेर ६२ ते ७५ टन बाहेर गेलं पाहिजे. नोंदवहीत ९० टन बाहेर गेलेले दिसले तर एकतर माल वाळवलेला नाही किंवा मध्येच बाहेरचं लाकूड मिसळलं आहे. रस्त्यावर शंभर गाड्या उतरवून जे सापडत नाही ते वहीची दोन पानं आणि ओलावामापक सांगेल. थप्पीचं मापही उपयोगाचं: वाळताना वजन खूप घटतं, पण रचलेल्या थप्पीची लांबी, रुंदी, उंची फारशी बदलत नाही. थप्पीचं माप आल्यावर एकदा आणि निघताना एकदा घेतलं की मध्ये भर पडली का ते कळतं.

ज्या शेतकऱ्याला वखारीपर्यंत न्यायचं नाही त्याच्या शेतातच थप्पी रचू द्या आणि मोजणी झाल्यापासून निदान नव्वद दिवसांची मुदत द्या. निलगिरी, सुबाभूळ यांसारख्या लागवडीच्या प्रकारांना वाहतूक परवान्यातून सूट आहे, पण ती सूट रस्त्यावरच्या तपासणीत सिद्ध करायला गाडीवाल्याकडे काही नसतं. सूट असलेल्या प्रकारांचं चित्रांसह एक मराठी कार्ड काढा: साल, आडवा छेद, पान. तेच कार्ड वनरक्षकाकडे, वाहतूक पोलिसाकडे आणि गाडीत असावं. २९ डिसेंबर २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय पारगमन परवाना प्रणाली सुरू केली, तिच्यात सूट असलेल्या प्रकारांसाठी स्वतः काढायच्या ना-हरकत दाखल्याची सोय आहे. पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात जाणाऱ्या छोट्या गाड्यांना हीच सोय सर्वाधिक उपयोगी पडेल, फक्त अर्ज मराठीत, साध्या मोबाइलवर भरता यावा आणि एका अर्जात अनेक गट नंबर घेता यावेत. गाडी बदलली तर जागेवरूनच दोन्ही गाड्यांचा फोटो पाठवून नंबर दुरुस्त करण्याची सोयही त्यातच बसेल. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. बांधावरच्या जळणासाठी आम्ही तेवढंही मागत नाही.

रस्त्यावरच्या तपासणीबद्दल एक सूचना. पूर्ण गाडी उतरवून परत भरायला तीन माणसांना दोन-तीन तास लागतात, आणि रस्त्याच्या कडेला परत भरलेली थप्पी कधीच पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. त्यापेक्षा भरतानाच शिस्त लावा: सर्वांत वरचा आडवा थर सोडून सगळ्या तुकड्यांची कापलेली टोकं मागच्या फाळक्याकडे, आणि मधोमध तळापर्यंत एक फुटाची मोकळी सांद. फाळका पाडला की टोकं समोर येतात, सांदीतून बॅटरी मारली की तळ दिसतो. खैराचा गाभा गडद तांबडा आणि भोवतीची पांढुरकी कड बारीक. सागाचा वास ताज्या छेदावर लपत नाही. ऐनाची साल जाड, चौकोनी खवल्यांची. जाणकार माणसाला दहा मिनिटं पुरतात. ज्या गाडीने अशी भरणी केली आहे तिची तपासणी फाळक्यावरूनच व्हावी, संशय आला तरच माल उतरवावा.

घाटाबद्दल परिवहन खात्याला थोडं सविस्तर सांगणं भाग आहे. चढावर माल मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग नीट पकड घेत नाही. म्हणून जड बुंधे केबिनच्या पाठीला टेकवून, मागच्या आसाच्या पुढे भरायचे, हलक्या फाट्या वर आणि मागे. शेवटचा थर आडवा रचून त्यावर दोन ठिकाणी रस्सी, आणि वीसेक किलोमीटरवर थांबून रस्सी पुन्हा ताणायची, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि रस्सी ढिली पडते. ओव्हरलोड गाडीत आधी पाटे बोलतात: सर्वांत लांब पाट्याला डोळ्याजवळ तडा जातो किंवा मधला बोल्ट कातरतो आणि आस एका बाजूला सरकतो. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी रेटली की क्लच प्लेट जळते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. ड्रम तापून ब्रेकची पकड जाते ती बहुधा तिथेच. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा नियम नव्या चालकाला पहिल्या दिवशी सांगावा लागतो.

मालावर बसून जाणारे भरणीवाले ही या धंद्यातली सर्वांत वाईट सवय आहे, आणि ती आम्हीच मोडली पाहिजे. केबिनमध्ये जागा दोघांची आणि माणसं चार, यातून ती आली. उतरणीसाठी माणसं गिऱ्हाइकाच्या गावातच ठरवली तर हा प्रश्न सुटतो. गाडीच्या विम्यात जादा हप्ता भरून कामगारांना संरक्षण घेता येतं, ते फार थोड्या गाड्यांवर आहे. पासिंगच्या वेळी आरटीओने हे विचारलं, निदान सांगितलं, तरी फरक पडेल. जादा भरलेल्या गाडीचा अपघात झाला की विमा कंपनी दाव्यावर हरकत घेते, हेही तिथेच कानावर घालावं.

दंडाबद्दल आमचं मागणं मर्यादित आहे. दंड कमी करू नका. तालुक्याच्या भरणीच्या ठिकाणांजवळ प्रमाणित वजनकाटा मिळावा, म्हणजे निघण्यापूर्वीच वजन कळेल. आज काही ठिकाणी पहिला काटा घाट चढून गेल्यावर येतो. तोवर गुन्हा घडून गेलेला असतो. आणि रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला नव्याने घ्यावं. टाकी भरलेली, जादा टायर, ओली ताडपत्री यांनी साठ-सत्तर किलोंचा फरक सहज पडतो.

गिऱ्हाइकंही बदलत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश मुंबईपुरता आहे, पण कोल्हापूर-सांगलीच्या बेकरीवाल्यांनीही गॅसची चौकशी सुरू केली आहे. बॉयलरवाले ब्रिकेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) घेतात, कारण त्यात पाणी कमी आणि आकार सारखा. या बदलाला आमचा विरोध नाही. शहराच्या हवेत ओल्या लाकडाचा धूर जाऊ नये, हे आम्हाला पटतं. पण जिथे लाकूड आणखी काही वर्षं जळणारच आहे, त्या स्मशानभूमी, सायझिंग आणि वीटभट्ट्यांपर्यंत ते निदान वाळलेलं पोहोचावं. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा स्मशानभूमीसाठी लाकूड घेताना निविदेत फक्त टन लिहितात. त्यात ओलाव्याची कमाल मर्यादा, समजा २५ टक्के, लिहिली तर वाळवणीला लगेच भाव येईल. ही अट शासनाच्या एका परिपत्रकाने घालता येते आणि तिला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.

कोकणात तोडीचा मुख्य हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या) गडबडीत, मेच्या मध्यावर, सर्वाधिक गाड्या रस्त्यावर असतात. वखारींची नोंदणी, झाडांचं कार्ड आणि रूपांतराचा एकच तक्ता, ज्यात ओलं आणि वाळलेलं वेगळं दाखवलेलं असेल, हे डिसेंबरअखेर हातात आलं तर येत्या हंगामातच त्याचा उपयोग होईल. एका तालुक्यात, एका वखारीवर आधी करून बघायचं ठरलं तर जागा, थप्प्या आणि नोंदवही यांची जबाबदारी आम्ही घेऊ. ओलावामापक आणि वही तपासायला महिन्यातून दोनदा वनपाल यावेत, एवढं खात्याने करावं.

आपले,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले जळाऊ लाकूड वाहतूकदार